नेपल्सला एक ओळ पुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत इटलीवर पानभर लेख आला होता, आमच्या घरात तो सगळ्यांनी वाचला. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस सगळ्यांवर भरभरून लिहिलंय आणि नेपल्सच्या वाट्याला फक्त एक ओळ, की शहर अस्वच्छ आहे, पाकीटमार फार, तेव्हा रोमहून पहाटेच्या बसने पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं ते जुनं रोमन शहर, बघून संध्याकाळी परत यावं. आम्ही नुकतेच नेपल्सला पाच रात्री राहून आलोय त्यामुळे ती ओळ फार लागली मला. मुलगी म्हणाली आई, तू लिहीच त्यांना. म्हणून हे पत्र, लांब झालंय पण शक्यतो कापू नका.

आम्ही पाच जण गेलो होतो. मी, नवरा, सासूबाई (वय ७२, दोन्ही गुडघे दुखतात), मुलगी पंधरा वर्षांची आणि मुलगा दहा वर्षांचा. आमचंही आधी तेच ठरत होतं, रोमहून एका दिवसात जाऊन यायचं, पण सासूबाईंना सकाळी सहाला निघून रात्री दहाला परत येणं झेपणार नाही म्हणून नवऱ्याने नेपल्समध्येच जुन्या भागात एक फ्लॅट घेतला. रोमहून फास्ट ट्रेनने सव्वा तासाच्या आत पोचलो. आणि गुडघ्यांमुळे घेतलेला हा निर्णय अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला निर्णय ठरला, कारण माझं आता ठाम मत झालंय की पॉम्पेई नीट कळायचं असेल तर मुक्काम नेपल्सलाच हवा. तिकडे अवशेषांमध्ये भिंती आहेत, रस्ते आहेत, माणसं नाहीत. ती माणसं नेपल्सच्या गल्ल्यांमध्ये आहेत.

आधी घाणीचं बोलून घेते कारण ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. स्टेशनसमोरच्या पियाझ्झा गारीबाल्दीला उतरलो तेव्हा कचऱ्याचे डबे भरून बाहेर सांडलेले, फुटपाथवर सिगरेटची थोटकं, भिंती स्प्रेच्या रंगाने भरलेल्या, प्लास्टर पडलेलं. २००८ साली तिथे कचऱ्याचा जो मोठा प्रश्न झाला, रस्त्यात डोंगर साचले होते, ते फोटो जगभर फिरले आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलंय. आता तसं नाहीये पण चकचकीतही नाहीये. बॅग पुढे घ्या, मोबाईल हातात नाचवू नका, अंगठ्या-चेनी घरी ठेवा, हे कुठल्याही गर्दीच्या शहरात करतो तेच इथे करायचं. आमचं काही चोरीला गेलं नाही. दुसरं म्हणजे जुन्या इमारती काळपट दिसतात त्यातलं बरंचसं घाण नसतं, तो दगडच तसा आहे, ज्वालामुखीचा. पायाखालच्या फरश्या लाव्ह्याच्या, भिंतींमधला पिवळसर मऊ दगड म्हणजे टुफा, तोही ज्वालामुखीच्याच राखेचा. हे कळलं की शहराकडे बघायची नजर बदलते, निदान माझी तरी बदलली.

आमचा फ्लॅट स्पाक्कानापोलीच्या एका बोळात होता. स्पाक्कानापोली म्हणजे नेपल्सला चिरणारा रस्ता, आणि वर सांत एल्मोच्या किल्ल्यावरून पाहिलं तर खरंच सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. हा रस्ता ग्रीकांनी आखलाय, अडीच हजार वर्षांपूर्वी! नेआपोलिस म्हणजे नवं शहर असं त्यांनी नाव ठेवलं, त्याचंच नापोली झालं. आणि तेव्हाचे ते तीन आडवे मुख्य रस्ते आणि त्यांना काटणारे बोळ अजून जसेच्या तसे वापरात आहेत, त्याच रस्त्यावरून लोक भाजी आणतात, मुलं शाळेत जातात, स्कूटरी पळतात. युनेस्कोने १९९५ साली हे सगळं जुनं शहर जागतिक वारसा यादीत घेतलं ते यासाठीच.

पहिल्या संध्याकाळी सासूबाई घाबरल्या होत्या. बोळ इतका अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, वर बघावं तर पाच मजले दोन्हीकडून चढत गेलेले आणि मध्ये दोऱ्यांवर चादरी, आकाशाची नुसती पट्टी. तिथे तळमजल्यावर एका खोलीची घरं असतात, बास्सो म्हणतात, दार सरळ रस्त्यात उघडतं, आत पलंग, टीव्ही, गॅस सगळं दिसतं. अशाच एका दारात साधारण सासूबाईंच्याच वयाच्या एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सासूबाई धापा टाकतायत हे बघून त्या उठल्या, स्वतःची खुर्ची पुढे केली, आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला आणि आमच्याशी तिथल्या बोलीत जोरजोरात बोलायला लागल्या. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. सासूबाई मराठीत उत्तर देत होत्या. वीस मिनिटं दोघींचं चाललं होतं, गुडघ्यावर हात ठेवून एकमेकींना दाखवत होत्या की इथे दुखतं, मग तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून कोणीतरी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, आजींनी त्यात पाव ठेवला आणि टोपली वर गेली. त्यानंतर रोज सासूबाईंची संध्याकाळची जागा ती खुर्ची होती.

दुसऱ्या दिवशी पॉम्पेई. सोरेंतोकडे जाणाऱ्या लोकल ट्रेनने, पॉम्पेई स्काव्ही नावाच्या स्टेशनवर उतरायचं, चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि गेट स्टेशनच्या समोरच आहे. इथे काही कामाच्या गोष्टी सांगते. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा केलीये आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे आधी बुक करा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. १८ वर्षांच्या आतल्या मुलांना फुकट आहे, आपल्या मुलांनाही, फक्त तिकीट काढावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट पण तेव्हा गर्दी विचारू नका. सावली जवळजवळ नाहीच, टोपी हवीच. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ‘पॉम्पेई पेर तुत्ती’ म्हणजे सर्वांसाठी पॉम्पेई असा तीन किलोमीटरहून लांब सपाट मार्ग केलेला आहे, तो अँफीथिएटरच्या बाजूच्या गेटने घ्यायचा. आम्हाला हे आधी माहीत नव्हतं, दुसऱ्या गेटने आत शिरलो आणि अर्धा तास सासूबाई त्या मोठमोठ्या दगडांवरून जीव मुठीत धरून चालल्या. मग तो मार्ग सापडला आणि पुढे त्या आमच्याही पुढे होत्या.

व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी इ.स. ७९ मध्ये फुटला हे सगळ्यांना माहीत असतं. ऑगस्टची २४ तारीख आपण वाचत आलो, पण २०१८ साली तिथे एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली, कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, म्हणजे उद्रेक त्या शरद ऋतूत झाला असं आता बरेच अभ्यासक मानतात. डाळिंबांसारखी शरदातली फळंही तिथे सापडलीच होती. माझ्या मुलीला हे फारच आवडलं, की एवढी प्रसिद्ध तारीख एका कामगाराने सहज खरडलेल्या ओळीने हलवली.

पण मला खरं सांगायचंय ते हे. पॉम्पेईत रस्त्याच्या कडेला दगडी कट्टे आहेत आणि त्यात गोल भोकं, आत मातीचे रांजण बसवलेले, ती तेव्हाची खाण्याची दुकानं, थर्मोपोलियम म्हणतात, लोक रस्त्यात उभं राहूनच खायचे कारण बऱ्याच जणांच्या घरी धड चूल नव्हती. अशी दुकानं डझनांनी आहेत. मुलगी तिथे थांबली आणि म्हणाली, आई, ही आपली खालची गल्लीच आहे. आणि खरंच, आदल्या रात्री आम्ही आमच्या बोळात अशाच एका रस्त्याकडे उघडणाऱ्या कट्ट्याशी उभं राहून चार घड्या घातलेला पिझ्झा कागदात धरून खाल्ला होता. मग आमचा खेळच सुरू झाला. पॉम्पेईत चौकाचौकात छोटी देवळं आहेत, गल्लीच्या रक्षक देवांची, नेपल्समध्ये प्रत्येक वळणावर काचेत मॅडोना म्हणजे मेरी माता आहे, दिवा आहे, ताजी फुलं आहेत. पॉम्पेईत भिंतींवर लिहिलेलं हजारोंनी सापडलंय, निवडणुकीचा प्रचार, प्रेम, शिव्या, हिशेब, आणि एकाने तर लिहून ठेवलंय की अगं भिंती, एवढ्या लिहिणाऱ्यांचं कंटाळवाणं लिखाण सोसून तू अजून कोसळली कशी नाहीस याचंच मला नवल वाटतं. आदल्या दिवशी नेपल्सच्या रंगवलेल्या भिंती बघून मीच नाक मुरडलं होतं. एका दिवसात रोमहून जाऊन येणाऱ्याला ही जोडणी कशी दिसणार, त्याला दगडच दिसतात.

रस्ते ओलांडायला उंच दगड ठेवलेत, त्यांच्या मधल्या फटीतून गाड्यांची चाकं जायची आणि चाकांनी लाव्ह्याच्या फरशीत खोल चाकोऱ्या पडल्यात, मुलगा त्यात बोट घालून बसला होता. चौकातले दगडी हौद आहेत ना, त्यांच्या काठावर एका जागी दगड झिजून खोलगट झालाय, पाणी पिताना लोक तिथेच हात टेकून वाकायचे म्हणून. सासूबाईंनी तिथे तळवा ठेवला. बरोबर बसला. त्या काही बोलल्या नाहीत, बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

मेलेल्या माणसांचे साचे मुलांना दाखवावेत का यावर आमची आदल्या रात्री चर्चा झाली होती. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या, १८६३ साली जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतायला सुरुवात केली आणि माणसं परत दिसली, कपड्यांच्या घड्यांसकट. एका बागेत तेरा जण आहेत, मोठे आणि मुलं. आम्ही दाखवलं, आणि बरं केलं असं वाटतं, कारण मुलगा शांतपणे बघत होता आणि त्याने एकच विचारलं की यांची नावं काय. कोणालाच माहीत नाहीत. मुलीने मग सांगितलं की सोन्याच्या कड्याचं घर म्हणून एक घर आहे, तिथे कडं घातलेलं एक माणूस आणि मांडीवर मूल असे सापडले, सगळं जग त्यांना आई आणि मूल समजत होतं, आणि २०२४ मध्ये डीएनए तपासला तर ते मोठं माणूस पुरुष निघालं आणि त्या मुलाचं आणि त्याचं काही रक्ताचं नातं नाही. मी तिथेच खाली बसले. आई असती तर समजू शकलं असतं, पण कोणाचं तरी पोर त्या राखेच्या पावसात मांडीवर घेऊन बसलेला तो माणूस कोण असेल, हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तिसरा दिवस मंगळवार. नेपल्सचं राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालय मंगळवारी बंद असतं हे आम्ही बघितलंच नव्हतं, दारापर्यंत जाऊन परत फिरलो. मग आयत्या वेळी एर्कोलानो म्हणजे हर्क्युलेनियमला गेलो, त्याच लोकलवर, पॉम्पेईच्या बरंच आधी. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि चालवत नाही त्यांनी पॉम्पेईऐवजी हेच बघावं असं मी म्हणेन. लहान आहे, तीन तासांत होतं. स्टेशनपासून दहाएक मिनिटं उतारावर चालायचं (येताना तो चढ लागतो हे लक्षात ठेवा). आणि मग एकदम खोल खड्डा दिसतो, जवळजवळ वीस मीटर, त्याच्या तळाला जुनं गाव आणि वर कठड्याला टेकून आजच्या एर्कोलानोच्या इमारती, बाल्कन्यांमध्ये कपडे वाळतायत. पॉम्पेईवर आधी खडे आणि राख पडत राहिली, इथे मात्र भयंकर गरम राख आणि वायूचा लोट एकदम आला आणि त्या उष्णतेने लाकूड न जळता कोळसा होऊन टिकलं. त्यामुळे दारं आहेत, माळे आहेत, जिने आहेत, घडीचं लाकडी पार्टिशन आहे. तिथे एक पाळणासुद्धा सापडलाय.

खाली पूर्वीचा समुद्रकिनारा आहे, २०२४ पासून तिथे उतरता येतं. होड्या ठेवायच्या दगडी कमानी आहेत आणि त्यांत सुमारे ३०० माणसांचे सांगाडे. समुद्रातून कोणी न्यायला येईल म्हणून थांबलेले लोक. वर सगळे फोटो काढत होते, इथे आल्यावर कोणी काढेना.

एक चांगली गोष्ट पण सांगते, मुलाला तीच सगळ्यात आवडली. याच गावातल्या एका मोठ्या बंगल्यात अठराव्या शतकात साधारण १,८०० गुंडाळ्या आणि त्यांचे तुकडे सापडले, पुस्तकंच ती, पण जळून कोळशाच्या कांडीसारखी झालेली, उलगडायला गेलं की भुगा. आता त्या न उलगडता स्कॅन करून कॉम्प्युटरने वाचतायत आणि २०२३ मध्ये एका कॉलेजच्या मुलाने त्यातला पहिला शब्द वाचला, जांभळा! दोन हजार वर्षं मिटलेल्या पुस्तकातून पहिला शब्द निघाला तो रंगाचा.

बुधवारी संग्रहालय. आणि संपादक साहेब, हे पत्र मी मुख्यतः या दिवसासाठी लिहितेय, कारण बसने येऊन पॉम्पेई बघून जाणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पॉम्पेईत सापडलेल्या मौल्यवान गोष्टींपैकी बऱ्याचशा पॉम्पेईत नाहीत, इथे नेपल्सला आहेत. तिकडे ‘फॉनचं घर’ नावाच्या घरात जमिनीवर अलेक्झांडरच्या लढाईचं चित्र दिसतं ती नक्कल आहे, दहा लाखांहून जास्त तुकड्यांचं मूळ चित्र या संग्रहालयाचं. भट्टीत राहून कोळसा झालेला गोल पाव इथे आहे, आठ फाका अगदी स्पष्ट दिसतात. वजनकाटे, काचेच्या बाटल्या, डॉक्टरची हत्यारं. नवरा तर वजनकाट्यांपाशीच अर्धा तास होता.

आणि तिथेच एक आपली मूर्ती आहे. हस्तिदंताची, वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन दासी हातात प्रसाधनाची भांडी घेऊन. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात सापडली, उत्खनन अमेदेओ माइउरी यांचं, आणि तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. लक्ष्मी की यक्षी यावर मतं आहेत, बरेच जण यक्षी म्हणतात, ती आरशाची मूठ होती की एखाद्या सुंदर टेबलाचा पाय हेही नक्की नाही. पण तिच्याशी अगदी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती भोकरदनला आणि तेरला सापडल्यात, सातवाहनांच्या काळातल्या, म्हणून ती तिकडचीच असावी असं काही अभ्यासक सांगतात. तिच्या तळाशी वायव्य भारतातल्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, त्यावरून काहींचं मत वायव्येकडे जातं. वाद असू दे. मी काचेपाशी उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता, एवढंच खरं.

आता यातला एक धागा बघा. मिसेनम बंदरातल्या रोमन आरमाराचा प्रमुख असलेला थोरला प्लिनी, ३७ खंडांचा ज्ञानकोश लिहिणारा, याने त्याच ग्रंथात तक्रार केलीये की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (तेव्हाची रोमन नाणी) खेचून नेतो आणि तिकडचा माल इथे शंभरपट भावाने विकला जातो. आणि व्हेसुव्हियस फुटला तेव्हा हाच प्लिनी मिसेनमहून जहाजं घेऊन लोकांना वाचवायला खाडीपलीकडे गेला आणि स्ताबियाच्या किनाऱ्यावर मेला. म्हणजे ज्या व्यापारावर तो चिडला होता त्याच व्यापारातली एक मूर्ती तिकडे पॉम्पेईच्या घरात राखेखाली जात होती त्याच दिवशी. त्याचा सतरा वर्षांचा भाचा त्याच्याबरोबर गेला नाही, मामाने दिलेला अभ्यास करत घरी बसला, म्हणून वाचला, आणि पुढे त्याने पत्रात लिहिलेल्या वर्णनामुळेच आपल्याला तो ढग पाइनच्या झाडासारखा दिसत होता हे कळतं. मुलीने हे तिथल्या कॅफेत बसून आम्हाला सांगितलं आणि सासूबाई म्हणाल्या, बघ, अभ्यासाने जीव वाचतो.

बाकीचं भराभर सांगते. जमिनीखालचं नेपल्स बघा, साधारण चाळीस मीटर खाली, ग्रीकांनी टुफा काढून काढून खाणी केल्या आणि त्याच दगडाने वर शहर बांधलं, नंतर तिथे पाण्याचे हौद झाले आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचायला लोक तिथे राहिले. पायऱ्या खूप आहेत, सासूबाई आल्या नाहीत. सान्सेव्हेरो चॅपलमधला पारदर्शक वस्त्राखालचा संगमरवरी ख्रिस्त, १७५३ सालचा, तो आम्हाला बघायला मिळाला नाही कारण तिकिटं आधीच संपली होती, तुम्ही आधी काढा. क्वार्तिएरी स्पान्योली हा भाग सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांसाठी वसवला, तिथे माराडोनाचं इमारतभर उंच भित्तिचित्र आहे, १९९० साली रंगवलेलं. मुलगा फुटबॉलवेडा, तो त्या चित्रासमोर हात जोडून उभा राहिला आणि शेजारच्या दुकानदाराने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

शाकाहारी लोकांसाठी मात्र सविस्तर सांगायला हवं कारण आम्ही दोन दिवस चुकलो. मारिनारा पिझ्झा घ्या, नाव समुद्राचं असलं तरी त्यात मासे नसतात, चीजही नसतं, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. मार्गेरिता सगळीकडे मिळतो. पिझ्झा बनवायची तिथली कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेलीये आणि आम्हाला पाच-सहा युरोत पूर्ण पिझ्झा मिळत होता. पण स्फोल्यातेल्ला नावाची जी शंखाच्या आकाराची खुसखुशीत गोड पेस्ट्री सगळे खा म्हणतात त्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते, मिरीच्या ताराल्लीतही असते. ‘स्त्रुत्तो’ हा शब्द लक्षात ठेवा आणि विचारा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती पेस्ट्री खाल्ली होती आणि नंतर कळल्यावर मला फार वाईट वाटलं, त्यांनीच मला समजावलं. कॉफी मात्र मनसोक्त प्या. तिथे एक जुनी पद्धत आहे, काफ्फे सोस्पेसो, एक कॉफी प्यायची आणि दोनचे पैसे द्यायचे, दुसरी कॉफी नंतर येणाऱ्या कोणा गरजूसाठी जमा राहते, कोण पिणार ते देणाऱ्याला कळतच नाही. अस्वच्छ म्हणून एका ओळीत निकालात काढलेल्या शहराची ही पद्धत आहे.

आणि तो डोंगर. व्हेसुव्हियस खाडीवरून सतत दिसतो, १,२८१ मीटर, आजही जिवंत, शेवटचा १९४४ च्या मार्चमध्ये फुटला तेव्हा महायुद्ध चालू होतं. त्याच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात आज सुमारे ७ लाख माणसं राहतात. मी शेवटच्या संध्याकाळी त्या खुर्चीवाल्या आजींना खुणेने विचारलं, डोंगराकडे बोट दाखवून, भीती नाही वाटत? त्यांनी खांदे उडवले, वर मॅडोनाकडे बोट केलं, आणि मग आत जाऊन सासूबाईंसाठी लिंबांची पिशवी घेऊन आल्या. मोठमोठी लिंबं, पानांसकट. सासूबाईंनी गळ्यातला त्यांचा नेहमीचा सुती स्कार्फ काढून आजींच्या खांद्यावर घातला.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी पुरवणीत इटली आलं तर नेपल्सला एक पान द्या, आणि त्यात संग्रहालय मंगळवारी बंद असतं हे ठळक टाइपात छापा.

आपली,
एक नियमित वाचक

ता.क. आम्ही गेलो तेव्हा ती हस्तिदंती मूर्ती संग्रहालयातल्या ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ म्हणजे गुप्त दालनात होती. तिथे पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तू आणि चित्रं ठेवलेली आहेत आणि लहान मुलांना मोठ्यांबरोबरच सोडतात, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर आधी घरी बोलून घ्या. आम्ही मुलाला नवऱ्याबरोबर वजनकाट्यांपाशी ठेवलं आणि मी, मुलगी, सासूबाई अशा तिघी आत गेलो. सासूबाईंनी इकडेतिकडे कुठेच बघितलं नाही, सरळ त्या काचेपाशी गेल्या आणि नमस्कार केला.